बारक्याचा पतंग

आमच्या संग्रहालयाच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर कीटक विभाग होता, आणि त्या विभागात उत्तरेकडच्या खिडकीला पाठ करून बाई बसायच्या. मी खालच्या मजल्यावरचा चित्रकार. हाडं, शंख, जुनी भांडी, जे पुढ्यात येईल ते काढायचं हे माझं काम. पण माझी निम्मी नोकरी बाईंच्या पतंगांच्या पंखांची चित्रं काढण्यात गेली, म्हणून त्यांची हकीकत मला ठाऊक आहे.

नवख्या माणसाला बाई "मी पतंगांवर काम करते" असं सांगायच्या, तेव्हा तो हमखास मांज्याचा भाव विचारायचा. बाई न चिडता सांगायच्या, "उडवायचे नाहीत हो. दिव्याभोवती फिरतात ते." मग समोरच्याचा चेहरा पडायचा. फुलपाखरं म्हटलं असतं तर निदान कौतुक तरी झालं असतं.

त्यातून त्यांच्या वाट्याला आलेले पतंग म्हणजे अगदीच कळकट. नखाएवढे, करड्या रंगाचे, पंखांवर एखादी पुसट रेघ. एका प्रजातीतले सगळे. प्रजाती म्हणजे काय ते बाईंनी मला पहिल्याच आठवड्यात समजावलं होतं: "आडनाव समजा. जात म्हणजे त्या घरातल्या एकेकाचं नाव. या घरात माणसं किती आणि कोण कोणाचं कोण, हेच कोणाला नीट माहीत नाही." शंभर-सव्वाशे वर्षांत ज्याला जसं वाटलं तसं त्याने या पतंगांचं बारसं करून ठेवलं होतं. एकाने नराला एक नाव दिलं, दुसऱ्याने त्याच्याच मादीला दुसरं. कोणी पंख झिजलेला पतंग पाहिला आणि नवी जात सापडली म्हणून जाहीर केलं. हा सगळा गुंता सोडवून घर लावायचं, हे काम बाईंनी तरुणपणी अंगावर घेतलं होतं. त्यांच्या बोलण्यात त्या सगळ्या पतंगांचं नाव 'करडी मंडळी'. "करडी मंडळी आज फार छळतायत," असं म्हणत त्या चहाला खाली यायच्या.

बाईंनी लग्न केलं नव्हतं. आईवडील लवकर गेले. मागे एकच धाकटा भाऊ, त्याला त्यांनीच वाढवला. लहानपणी काडीसारखा होता म्हणून घरीदारी त्याला बारक्याच म्हणत, आणि पुढे चांगला उंचापुरा झाला तरी नाव काही सुटलं नाही. शिक्षणात त्याचं डोकं चालेना. दोनदा शाळा बदलली, एकदा छापखान्यात लागला, तिथून निघाला. शेवटी नगरपालिकेत रस्त्यावरचे दिवे दुरुस्त करणाऱ्या टोळीत चिकटला आणि तिथे मात्र रमला. शिडी लावून खांबावर चढायचं, दिव्याचं काचेचं झाकण उघडायचं, आत साचलेला कचरा झटकायचा, दिवा बदलायचा. तो कचरा म्हणजे बहुतेक मेलेले किडेच असतात. बारक्या त्यातले धड असलेले पतंग खोकल्याच्या गोळ्यांच्या रिकाम्या डबीत घालून बहिणीकडे आणायचा. डबी टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचा, "ताई, तुझे पाहुणे."

बहुतेक वेळा त्यात कामाचं काही नसायचं. पंख तुटलेले, खवले उडालेले. पण ताई प्रत्येक डबी उघडून बघायची, हे त्याला माहीत होतं.

एकदा पाण्याच्या टाकीकडे चढणाऱ्या रस्त्यावरच्या दिव्यातून त्याने एक करडी मादी आणली. पंखांवर रेघ नव्हती. बाईंनी ती टाचणीवर लावली, खाली तारखेची आणि जागेची चिठ्ठी लावली आणि सवडीने बघू म्हणून बाजूला ठेवली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी बारक्या त्याच रस्त्यावर खांबावरून पडला. वीज बंद केली आहे असं त्याला खालून सांगितलं होतं. ती बंद नव्हती. झटक्याने हात सुटला आणि तो पाठीवर आदळला. जीव वाचला, पण कमरेखालचं अंग गेलं ते गेलंच. लग्नाला जेमतेम दोन वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं.

घरी आणल्यावर त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. बायकोने भरवलं तर खायचा, नाही तर नाही. कोणी भेटायला आलं की डोळे मिटून घ्यायचा. बाई रोज संध्याकाळी तिकडे जायच्या. भावजय दार उघडायची आणि मान हलवून सांगायची, आजही नाही.

त्या दिवसांत बाईंनी ती बिनरेघेची मादी हातात घेतली. पतंगाची जात पंखावरून ओळखता येते हा आपला समज. या मंडळींचे पंख लबाड असतात. खरं काय ते पोटात. बाई पतंगाच्या पोटाचा शेंडा काढून औषधात मऊ करायच्या, केसाएवढ्या ब्रशने साफ करायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या. मादीच्या पोटात एक इवलीशी पिशवी असते आणि तिच्या भिंतीवर काटे असतात. प्रत्येक जातीत त्या काट्यांची मांडणी वेगळी. या मादीचे काटे घोड्याच्या नालासारखे मांडलेले होते. असे काटे बाईंनी करड्या मंडळीत आजवर पाहिले नव्हते, कोणी लिहिलेही नव्हते. त्यांनी मला वर बोलावलं. मी पंख रेखाटले, पिशवी रेखाटली, काटे एकेक करून रेखाटले. बाईंनी तिचं वर्णन लिहिलं आणि भावाच्या खऱ्या नावाला लॅटिन शेपूट जोडून त्या जातीला ते नाव दिलं.

ते छापून आलं त्या दिवशी बाई मला बरोबर घेऊन गेल्या. चित्र दाखवायचं होतं. बारक्या भिंतीकडे तोंड करून पडला होता. बाईंनी पान वाचून दाखवलं. मग मान न वळवताच त्याने विचारलं, "माझं नाव?"

"तुझंच."

"म्हणजे जगात कुठेही कोणी या पतंगाचं नाव घेतलं तर..."

"तुझं नाव घ्यावं लागेल."

त्याने मान वळवली. "आणि हे कायमचं?"

बाई क्षणभर थांबल्या. "कायमचं," त्या म्हणाल्या.

मी ते चित्र चौकटीत बसवून त्याला दिलं. ते पलंगासमोरच्या भिंतीवर लागलं. बारक्या जेवायला लागला, उशीला टेकून बसायला लागला. पुढे चाकाच्या खुर्चीत खिडकीपर्यंत यायला लागला. घरी येणारा गॅसवाला, इंजेक्शन द्यायला येणारी नर्स, चुकून वरच्या मजल्याऐवजी या मजल्यावर आलेला कोणी, प्रत्येकाला तो ते चित्र दाखवायचा. "मोठमोठ्या लोकांच्या नावाने रस्ते असतात," तो म्हणायचा, "आणि ते रस्ते मी उजळवायचो. आता माझ्या नावाने पतंग आहे. रस्त्याचं नाव बदलता येतं, पतंगाचं नाही." भावजय आतून ओरडायची, "ऐकलं त्यांनी, आता चहा घेऊ दे त्यांना." पण ती हसत असायची.

वर्षं गेली. बाईंचं काम पुढे सरकत राहिलं. एकेक कप्पा घेऊन त्या जाती तपासत होत्या. कुठे दोन नावांचं एक करत होत्या, कुठे एकाची दोन. शेवटी सगळ्या प्रजातीचं एक मोठं पुस्तक व्हायचं होतं. त्यात फक्त एक जुनी जात अडून बसली होती. फार पूर्वी कोणा फौजी डॉक्टराने एका मादीवरून तिचं वर्णन केलं होतं, तेही दोन ओळींत. ज्या पतंगावरून जात पहिल्यांदा लिहिली जाते त्या मूळ पतंगाच्या टाचणीला लाल चिठ्ठी असते, आणि शेवटचा शब्द त्याचाच. हा लाल चिठ्ठीचा पतंग दूरच्या एका संग्रहालयात होता, आणि ते लोक त्याला कोणाला हात लावू देत नसत. बाई विचारत राहिल्या. शेवटी तिथला जुना अधिकारी गेला, नवा आला आणि त्याने होकार दिला. पेटीत पेटी, तिच्यात कापूस, कापसात आणखी एक पेटी, असा तो पतंग आला.

बाईंनी तो उघडला त्या दुपारी मी वरच होतो. उन्हाने पंख पार विटलेले होते. रेघ होती, पण खरवडल्यासारखी. त्यांनी पोटाचा शेंडा काढला, मऊ केला, साफ केला. मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि तो बराच वेळ काढलाच नाही.

"चित्रकार," त्या म्हणाल्या, "जरा इकडे या. मला जे दिसतंय तेच तुम्हाला दिसतंय का, सांगा."

मी बघितलं. घोड्याचा नाल होता. मी एकदा स्वतःच्या हाताने काढलेला, काटान्‌काटा तोच.

"याचंही चित्र काढा," त्या म्हणाल्या. "शेजारी शेजारी ठेवून बघू."

मी काढलं. दोन चित्रं शेजारी ठेवली तर कोणतं कुठलं हे मलाच खाली लिहून ठेवावं लागलं. बाईंनी मग टाकीच्या रस्त्याकडून पुढे जमा केलेले तसले सगळे पतंग तपासले. रेघ काहींना होती, काहींना अर्धी होती, काहींना नव्हती. उन्हाळ्यात निघणाऱ्यांत ती पुसट होत जाते, एवढंच होतं ते. जात एकच. आणि जिथे एका जातीला दोन नावं पडलेली असतात तिथे जुनं राहतं, नवं जातं. बारक्याचं नाव नवं होतं.

मी म्हणालो, "बाई, राहू द्या ना. हे पोट पुन्हा उघडून कोण बघणार आहे? तुमच्यानंतर या मंडळींकडे कोणी ढुंकूनही बघणार नाही."

"खरंय."

"मग प्रश्नचिन्ह टाका आणि सोडून द्या."

"प्रश्न असता तर टाकलं असतं," त्या म्हणाल्या. "प्रश्नच नाहीये. आणि बाकीच्यांची बारशी मी मोडली ती काय गंमत म्हणून? ती नावंही कोणा ना कोणाची होतीच की."

मी माझ्या पेन्सिली गोळा करायला लागलो.

बारक्याला छापून येण्याआधी आपणच सांगायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. एका रविवारी मला घेऊनही गेल्या, बहुधा धीर यावा म्हणून. तेव्हा बारक्याकडे व्यायाम करून घ्यायला एक नवी मुलगी यायला लागली होती. आम्ही गेलो तेव्हा ती त्याचा पाय गुडघ्यात दुमडून उलगडत होती आणि तो तिला भिंतीवरचं चित्र दाखवून टाकीचा रस्ता, खांब, डबी, सगळं सांगत होता. बाई खुर्चीच्या कडेला पर्स मांडीवर धरून बसल्या. मुलगी म्हणाली, "तुम्हीच का त्या ताई? दिवसातून दहा वेळा नाव निघतं तुमचं." बाई हसल्या. चहा झाला, बिस्किटं झाली. जिना उतरताना त्या मला म्हणाल्या, "पुढच्या रविवारी." असे बरेच रविवार गेले. मग पुस्तक छापायला गेलं आणि बाई त्याबद्दल काही बोलेनाशा झाल्या.

त्याला कळलं ते त्या मुलीकडून. तिचा काही दोष नव्हता. बिचारीला वाटलं, बारक्याला त्याचा पतंग फोनवर दाखवावा, खूश होईल. तिने नाव शोधलं. वाचता वाचता म्हणाली, "इथे तर लिहिलंय की हे नाव आता बाद झालंय. दुसऱ्या कुठल्या तरी नावात मिळवलंय."

"चुकीचं असेल," बारक्या म्हणाला. "खाली बघ, कोणी लिहिलंय."

तिने खाली पाहिलं. तिथे बाईंचंच नाव होतं.

हे मला भावजयीने नंतर सांगितलं. बारक्याने व्यायाम पुरा करून घेतला, म्हणे. मुलगी गेल्यावर म्हणाला, ताईला बोलाव.

बाई गेल्या. तिथे काय बोलणं झालं ते त्यांनीच मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. आवाज अगदी कपाटातल्या पतंगांची यादी वाचावी तसा होता.

"तूच केलंस?" त्याने विचारलं.

"हो."

"खरं होतं म्हणून?"

"हो. खरं होतं."

"तू कायमचं म्हणाली होतीस."

"म्हणाले होते. तेव्हाही मला माहीत होतं की असं काही कायमचं नसतं. तू जेवत नव्हतास."

त्याने चित्राकडे पाहिलं. "मला आधी सांगायचं होतंस," तो म्हणाला. "त्या पोरीसमोर कळलं मला."

बाईंनी माफी मागितली. त्याने "असू दे" म्हटलं, भांडला नाही. त्यांना वाटलं होतं तो चित्र काढून टाकायला सांगेल. तेही सांगितलं नाही. फक्त त्यानंतर घरी कोणी आलं तर तो चित्राबद्दल बोलत नसे. कोणी विचारलंच, तर म्हणायचा, "ताईकडचं आहे." बाई पूर्वीसारख्या जात राहिल्या. तो हवापाण्याचं बोलायचा, औषधांचं बोलायचा. खिडकीशी जाणं मात्र त्याने बंद केलं. व्यायामवाल्या मुलीला म्हणाला, पुरे आता, फरक तर काही पडत नाही. भावजयीने समजावलं, ओरडली, रडली. तो ऐकून घ्यायचा आणि डोळे मिटायचा.

हिवाळ्यात त्याच्या छातीत कफ झाला. सतत पडून राहणाऱ्या माणसाचं असं होतं, डॉक्टर म्हणाले. दवाखान्यात नेलं, परत आणलं, पुन्हा नेलं. दुसऱ्या खेपेला तो परत आला नाही.

अंत्यविधीला त्याच्या टोळीतले दिवेवाले आले होते, आता सगळे पिकल्या केसांचे. बाई एका बाजूला उभ्या होत्या. भावजय त्यांच्याजवळ आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मेलेल्या किड्यांशी खरं वागलात तुम्ही, ताई. जिवंत माणसाशी एकदा खोटं चाललं असतं." बाईंनी मान खाली घातली.

पुस्तकाचं पुढे काय झालं तेही सांगतो. जाडजूड झालं होतं, माझी चित्रं होती, थोड्याफार लोकांनी घेतलं. बाई निवृत्त व्हायच्या आतच एका विद्यापीठातल्या मंडळींनी करड्या पतंगांचे पाय तोडून त्यांच्यातला जनुकांचा धागा तपासला आणि दाखवून दिलं की ही प्रजाती म्हणून काही वेगळं घर नाहीच. शेजारच्या मोठ्या प्रजातीतलीच ही एक फांदी. त्यामुळे आडनावच गेलं. बाईंनी ते लक्षपूर्वक वाचलं, समासात दोनचार ठिकाणी खुणा केल्या आणि म्हणाल्या, "काम चांगलं केलंय पोरांनी." मग कपाटापाशी जाऊन जुन्या चिठ्ठ्या बदलायला बसल्या. तेही पुरं झालं नाही. संग्रहालयाने वरचा मजला रिकामा करून तिथे मुलांसाठी खेळत शिकण्याचं दालन काढलं. पतंगांची कपाटं गावाबाहेरच्या एका गोदामात गेली. बाई एकदा तिकडे जाऊन आल्या. छत गळत होतं आणि डांबरगोळ्या कोणी बदलत नव्हतं, तेव्हा बारीक भुंगेरे आत शिरून पतंग खायला लागले होते. कप्पा ओढला की टाचण्या आणि चिठ्ठ्या जागच्या जागी, आणि खाली भुकटी. त्यांनी अर्ज केले, वरिष्ठांना भेटल्या. सगळ्यांनी पाणी विचारलं, बसायला खुर्ची दिली.

मधे बाईंना मोतीबिंदू झाला आणि शस्त्रक्रिया बिघडली. एकटं राहणं अवघड झालं, तेव्हा भावजयच एक दिवस रिक्षा घेऊन आली आणि त्यांचं सामान बांधून त्यांना आपल्याकडे घेऊन गेली. का, ते तिने सांगितलं नाही, बाईंनी विचारलं नाही. दोघी एकाच घरात राहतात. एक स्वयंपाक करते, दुसरी धुतलेले कपडे चाचपून घड्या घालते. बारक्याचा विषय निघत नाही.

परवा मी गेलो होतो. बोलण्यासारखं फार नव्हतं. माझे गुडघे, त्यांचे डोळे, झालं. मी निघायच्या बेतात होतो तेवढ्यात भावजय हात पुसत बाहेर आली आणि बाईंसमोर स्टुलावर बसली.

"ताई, मला एक सांगा," ती म्हणाली. "त्यांचा पतंग आणि तो दुसरा. दोघांत नक्की काय फरक होता? मला कधी कोणी नीट सांगितलंच नाही."

बाईंनी हातातली घडी खाली ठेवली. मग त्यांनी पहिल्यापासून सांगितलं. पंख, रेघ, उन्हाळ्यात ती कशी पुसट होते, पिशवी, काटे, नालासारखी मांडणी. बोटांनी हवेत आकार काढून दाखवला. भावजय ऐकत होती, मधूनमधून माझ्याकडे बघत होती, हे असंच आहे ना म्हणून. मी मान डोलावत होतो.

"म्हणजे काहीच फरक नव्हता," शेवटी ती म्हणाली.

"नाही," बाई म्हणाल्या. "काहीच नव्हता."

भावजय स्टुलावरून उठली. मग म्हणाली, "भाजी चिरायची राहिलीय," आणि आत गेली. बाईंनी मांडीवरचा टॉवेल पुन्हा उचलला आणि त्याची टोकं शोधायला लागल्या. मी निघतो म्हणालो. दोघींपैकी कोणाला ते ऐकू गेलं की नाही, कोण जाणे.